निरोप पाठवला, पण पोच मिळाली का?

हैदराबादला गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) दुकानात असलेल्या एका तरुणाने विचारलं आहे: "काका, आई गावी एकटीच असते, विट्यापासून 10-12 किलोमीटरवर. वय 67. दिवाळीत तिला टच फोन घेऊन दिला, तरी ती जुना बटणाचाच वापरते. गेल्या महिन्यात मामा वारले. भावकीच्या ग्रुपवर रात्री 10:45 ला मेसेज पडला, मी तो सकाळी 6:30 ला बघितला. 10 वाजता माती झाली. फोन का केला नाही म्हणून विचारलं, तर सगळे म्हणाले, 'ग्रुपवर टाकलं होतं की.' फोन, एसएमएस, व्हॉट्सॲप, व्हिडिओ कॉल, ईमेल, सगळं हाताशी असून असं झालं. कशासाठी काय वापरायचं आणि आईला काय शिकवायचं, सविस्तर सांगा."

दादा, मामांचं वाचून वाईट वाटलं. मी मनात हिशेब केला. रात्री 11 ला गाडी काढली असती तर सोलापूर, सांगोला करत तुम्ही सकाळी 8 पर्यंत दारात असता. तोंड बघायला मिळालं नाही, ही खंत माणसाला फार दिवस पुरते. म्हणून उत्तर लांबलं तरी नीट देतो.

मी 1994 पासून सांगली जिल्ह्यातल्या विट्यात याच कामात आहे. आधी एसटीडी-पीसीओचं, म्हणजे पैसे देऊन परगावी फोन लावायचं, बूथ होतं, मग मोबाइलचं दुकान झालं, आणि आता रिचार्ज-दुरुस्तीबरोबर आठवड्यातून एक दुपार म्हाताऱ्या माणसांना फोन शिकवतो. आपल्या खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली, त्यामुळे बूथवर रात्रीच गर्दी असायची. रात्री उशिरा एसटीडीचा दर पाव व्हायचा. तोवर बायका पोरं मांडीवर घेऊन बाकावर बसून राहायच्या. 040 हैदराबाद, 0422 कोईमतूर, 044 मद्रास, हे कोड मला अजून झोपेतही येतात.

ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांचे निरोप बूथवर यायचे. त्यासाठी मी एक लांबडी वही केली होती. तिला चार रकाने: वेळ, कुणाकडून, काय निरोप, आणि कुणाच्या हातात दिला. दुकानातलं पोरगं सायकलवर वस्तीवर जाऊन यायचं. "घराला कुलूप होतं, शेजारच्या म्हातारीला सांगून आलो" असं म्हणालं, तर चौथा रकाना मी रिकामाच ठेवायचो आणि संध्याकाळी त्याला पुन्हा पाठवायचो. ज्याचा निरोप त्याच्या कानावर पडला, त्याने "बरं" म्हटलं, की मगच नाव लिहायचं. याला आम्ही पोच म्हणायचो. तार यायची तिचंही तसंच. तारवाला सही घेतल्याशिवाय हलत नसे. 15 जुलै 2013 पासून तार बंद झाली आणि तिच्याबरोबर ती सहीही गेली.

तुमच्या बाबतीत जे घडलं ते त्या चौथ्या रकान्यात घडलं. ग्रुपवर टाकणाऱ्याने निरोप लिहिला, वेळही पडली, पण कुणाच्या हातात दिला हे कुणीच बघितलं नाही. म्हणून मी साधनांची वाटणी वेगळ्या तऱ्हेने करतो. कुठलं नवं, कुठलं स्वस्त, हे नंतर. आधी विचारायचं ते इतकंच, की याची पोच मला कशी मिळणार? आणि ती मिळायला किती वेळ थांबून चालेल?

या हिशेबात साध्या फोनला तोड नाही. समोरून "हं, कळलं, निघतो" एवढं ऐकू आलं की चौथा रकाना भरला. म्हणून मृत्यू, अपघात, दवाखाना, आणि ज्याच्यासाठी कुणाला जागेवरून उठावं लागणार आहे अशी कुठलीही गोष्ट साध्या कॉलनेच सांगायची. व्हॉट्सॲप कॉलने नव्हे. व्हॉट्सॲप कॉलला दोन्हीकडे नेट चालू लागतं, आणि आपल्याकडची जुनी माणसं बॅटरी वाचवायला रात्री नेट बंद करून झोपतात. साधा कॉल नेट बंद असलं तरी वाजतो.

आता तुम्ही म्हणाल, माझा फोन रात्री सायलेंटच असतो, कॉल आला असता तरी काय. बरोबर आहे, म्हणून हे आज रात्रीच करून टाका. आई, थोरले चुलते, गावातला शेजारी, आणखी एक-दोन जवळची माणसं, यांना फोनमध्ये तारांकित करा. मग 'डू नॉट डिस्टर्ब'च्या सेटिंगमध्ये तारांकित माणसांचे कॉल वाजू द्या. साधं सायलेंट करण्याऐवजी रात्री हेच लावत जा. त्यातच आणखी एक सोय असते: एकाच नंबरावरून थोड्या वेळात दुसऱ्यांदा कॉल आला तर तो वाजतो. त्यामुळे गावी सगळ्यांना सांगून ठेवा, पहिला उचलला नाही तर तिथंच थांबू नका, लगेच दुसरा लावा.

"आईचा फोनच लागत नाही" ही तक्रार माझ्याकडे रोज येते, आणि त्यातली बरीच प्रकरणं रिचार्जची निघतात. पॅक संपला की आधी जाणारे कॉल बंद होतात आणि काही दिवसांनी येणारेही. आईला वाटतं, मी कुठं कुणाला फोन करते, मला कशाला रिचार्ज? तिला हे माहीतच नसतं, की येणाऱ्या कॉललाही आता पॅक लागतो. 2003 मध्ये येणारे कॉल फुकट झाले तेव्हा जी गोष्ट डोक्यात बसली ती बसलीच. बटणाच्या फोनला नेटचा पॅक मारायची काही गरज नाही. ट्राय म्हणजे फोन कंपन्यांचे नियम ठरवणारी सरकारी संस्था; तिने डिसेंबर 2024 मध्ये नियम बदलला, आणि जानेवारी 2025 पासून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक वेगळे द्यावे लागले. लांब मुदतीचा बघून तुम्हीच हैदराबादहून मारा आणि संपायच्या आदल्या आठवड्याची आठवण तुमच्याच फोनमध्ये लावा. ती आईवर सोपवू नका.

दुसरं कारण घर. तुमचं घर माळवदाचं असेल, भिंती हात-हातभर जाड, तर आत रेंज मरते. वर पत्रा असला तरी तेच. आईचा फोन कुठं ठेवलेला असतो ते विचारा. मी पैजेवर सांगतो, देवळीत नाहीतर कपाटात. तो दाराजवळच्या खुंटीवर, पिशवीत का होईना, टांगलेला बरा. रेंजची एकच काडी असेल आणि बोलता बोलता कॉल तुटत असेल, तर ज्या कंपन्यांची 2जी सेवा अजून चालू आहे त्यांच्या सिमला नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 2जी करून बघा. नेट मंद होईल, पण आवाज टिकतो. बटणाच्या फोनला नेट तसंही लागत नाही.

मिस कॉलची खूण मोडीत काढू नका. आपल्याकडे "एसटीतून उतरलो की एक रिंग देतो" ही पद्धत एकेकाळी पैसे वाचवायला पडली. आता कॉलला वेगळे पैसे पडत नाहीत, तरी तिचा उपयोग आहे. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, ज्याला बटण दाबून बोलायचा कंटाळा आहे, त्याची ती सगळ्यात सोपी पोच आहे. सकाळी चहा झाला की आईने एक रिंग द्यायची, तुम्ही उचलायची नाही. 9 पर्यंत रिंग आली नाही, तर तुम्ही फोन करायचा. आईने नाही उचलला तर शेजारी. माझ्या दुकानात येणाऱ्या कितीतरी घरांनी हे ठरवून घेतलं आहे. एका घरी याच रिंगेमुळे न्हाणीत घसरून पडलेली आजी तासाभरात सापडली. नाहीतर संध्याकाळी दूधवाला येईपर्यंत कुणाला कळलं नसतं.

एसएमएस आता फक्त ओटीपीसाठी उरला असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. त्याला नेट लागत नाही आणि बटणाच्या फोनवर तो चालतो. मुख्य म्हणजे समोरचा फोन बंद असला तर तो कंपनीकडे थांबून राहतो आणि फोन चालू झाला की पोचवायचा प्रयत्न होतो. मात्र मराठीत लिहिताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसात 160 अक्षरं बसतात, देवनागरीत 70. आणि मोबाइल काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडलेलं चिन्ह, मोकळी जागा, सगळं वेगळं मोजतो. 70 च्या वर गेलं की त्याचे तुकडे होतात. म्हणून आटोपशीर लिहायचं. "मामा वारले. माती उद्या सकाळी 9 ला. लगेच फोन कर." हा निरोप 47 चिन्हांत बसतो. काय झालं, कधी, आणि तू काय करायचं, तिन्ही आले. "अर्जंट आहे, फोन कर" एवढंच पाठवणाऱ्यांना मी नेहमी रागावतो. लांब असलेल्या माणसाचा तेवढ्याने जीव खालीवर होतो आणि कळत काहीच नाही.

मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायची सवय पुष्कळांना आहे. घरच्या गप्पांत चालून जातं. पण दुखण्याखुपण्याच्या निरोपात देवनागरीच वापरा, कारण इंग्रजी अक्षरांत 'काल' आणि 'कळ' सारखेच दिसतात. घाईत "काकू, कळ आली" एवढंच इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं एका पोराने "काकू काल आली" असं वाचलं होतं आणि निवांत बसून राहिला होता. काकूंच्या छातीत कळ आली होती. जुन्या एखाद्या बटणाच्या फोनवर देवनागरीचे नुसते चौकोन दिसतात, तेव्हा आधी आईच्या फोनवर एक मेसेज पाठवून खात्री करून घ्या. तिची मेसेजची पेटी भरलेली असेल तरी नवा मेसेज आत येत नाही. गावी आलात की जाहिरातींचे मेसेज पुसून टाका.

व्हॉट्सॲपची पोच लोकांना माहीत असते, तरी तिचा अर्थ नीट लावला जात नाही. एक टिक म्हणजे तुमच्याकडून निघाला, त्यांच्या फोनपर्यंत पोचलेला नाही. दोन टिका म्हणजे फोनपर्यंत पोचला. निळ्या झाल्या म्हणजे उघडला. दोन करड्या टिका बघून "दिला निरोप" म्हणणं म्हणजे दाराला कुलूप असताना फटीतून चिठ्ठी सरकवून येणं. आणि निळ्या टिकेवरही पूर्ण भिस्त ठेवू नका. ती काही जणांनी बंद केलेली असते, काही घरांत आजीचा फोन नातू उघडतो.

आता तुमच्या आईला काय शिकवायचं, ते. मी म्हाताऱ्या माणसांना टाइप करायला शिकवतच नाही. सुरुवात व्हॉइस नोटपासून करतो. भाळवणीच्या एक आजी पहिल्या दिवशी आल्या तेव्हा फोन रुमालात बांधून आणला होता. मुलगी मदुराईला. मी त्यांचं बोट धरून माइकच्या चिन्हावर ठेवलं आणि म्हटलं, आता बोला. त्या शिवारात हाळी द्यावी तशा मोठ्यांदा बोलल्या: "आगं, म्हस व्यालीय. रेडी झालीय. काळजी करू नगंस." बोट उचललं, निरोप गेला. मग आम्ही दोघं काचेकडे बघत बसलो. दोन टिका आल्या. थोड्या वेळाने माइकचं छोटं चिन्ह निळं झालं. मी म्हटलं, "आजी, लेकीनं ऐकलं." त्यांनी फोन दोन्ही हातांत धरून ते निळं चिन्ह इतक्या जवळून बघितलं, की मला वहीतला तो चौथा रकाना आठवला. व्हॉइस नोटला ही सोय आहे: मेसेज उघडला की टिका निळ्या होतात, पण माइक निळा होतो तो निरोप वाजवून ऐकल्यावर. अक्षर न येणाऱ्या माणसाला एवढी स्पष्ट पोच दुसऱ्या कशाने मिळत नाही.

बोट दाबून धरणं ज्यांना जमत नाही, थरथर असते, त्यांना माइक दाबून वर सरकवायला शिकवा. म्हणजे तो कुलूपबंद होतो आणि हात मोकळा राहतो. व्हॉइस नोटचे तोटेही सांगतो. पाच मिनिटांची नोट कुणी भट्टीजवळ, गिऱ्हाईक समोर असताना ऐकू शकत नाही. म्हणून पहिल्याच वाक्यात मुद्दा, आणि एकूण अर्धा मिनिट. रक्कम, तारीख, गाडीची वेळ, औषधाचं नाव तोंडी कधी सांगायचं नाही, ते लिहूनच. तोंडी आकडा पुन्हा शोधायला अख्खी नोट परत ऐकावी लागते आणि 'पंधरा'चं 'पन्नास' व्हायला वेळ लागत नाही.

व्हिडिओ कॉलबद्दल आईची तक्रार असेल, की मला काही दिसत नाही, आणि तुमची तक्रार असेल, की मला नुसता पंखा दिसतो. फोन हातात धरायला लावू नका. चुलीजवळच्या पितळी डब्याला टेकवून उभा करा, आईने समोर बसायचं. दार किंवा खिडकी तिच्या पाठीमागे नको, तोंडासमोर हवी. एवढ्यानेच चेहरा उजळ दिसतो. गप्पांसाठी तर आहेच, पण खरा उपयोग दाखवायला होतो. पायाची सूज, जखमेचा रंग, संपत आलेलं गोळ्यांचं पाकीट, मोटरीच्या स्टार्टरवरचा कुठला दिवा लागलाय, हे फोनवर शब्दांत सांगून कळत नाही. आणि ज्यांना ऐकू-बोलता येत नाही त्यांच्यासाठी व्हिडिओ कॉल हाच फोन आहे. माझ्याकडे येणारं एक जोडपं दुकानाच्या पायरीवर बसून सांगलीतल्या मित्रांशी हातवाऱ्यांच्या भाषेत तासभर बोलतं. बूथच्या काळात अशा माणसांना माझा काही उपयोग नव्हता. ती खंत मला तेव्हाही होती.

मातीला पोचणं अशक्यच असेल तेव्हा काय, हेही तुमच्या मनात असणार. 2020-21 मध्ये कोरोनात आपल्या भागातल्या पुष्कळ गलाई घरांनी लांबून व्हिडिओवरच शेवटचं दर्शन घेतलं. त्यासाठी घरच्या कर्त्या माणसाला आधी विचारावं, एकाच माणसाने फोन धरावा आणि तो कॉल ग्रुपवर नव्हे, ज्याला पोचता आलं नाही त्यालाच लावावा. तुमच्या भावकीत कुणाच्या हे मनात आलं नाही याचा दोष मी कुणाला देत नाही. सगळी धांदल असते. म्हणूनच आधी ठरलेलं असावं लागतं.

ग्रुपवर मी सगळ्यात जास्त बोलणार, कारण घोळ तिथं आहे. दीडशे माणसांच्या ग्रुपवर निरोप टाकला, की प्रत्येकाला वाटतं, त्याला दुसऱ्या कुणी फोन केला असेल. खाली लगेच "भावपूर्ण श्रद्धांजली"ची रांग लागते, आणि ती रांग बघून टाकणाऱ्याला वाटतं, सगळ्यांना कळलं. चाळीस जणांनी फुलं टाकली, पण त्या चाळीसांत सख्खा भाचा आहे का, हे कोण बघतं? ग्रुपमधल्या आपल्या मेसेजवर बोट दाबून धरलं आणि 'माहिती'वर गेलं, की कुणापर्यंत पोचला आणि कुणी वाचला याची नावं येतात. ते दहा सेकंदांचं काम आहे. तुमचं नाव 'वाचलेल्यां'त नव्हतं हे 10:50 लाच दिसलं असतं.

भावकीला माझ्यातर्फे एवढं सुचवा. गावात राहणारी दोन जबाबदार माणसं ठरवा. बाहेरगावच्या सगळ्यांची नावं आणि नंबर एका कागदावर, हाताने लिहिलेले. अर्धी नावं एकाकडे, अर्धी दुसऱ्याकडे. काही झालं की यादीप्रमाणे फोन लावायचे, ज्याने उचलला त्याच्या नावापुढे खूण करायची. ग्रुपवर टाकायचं ते त्यानंतर. कागदच का, तर फोन मधेच बंद पडला तर शेजाऱ्याच्या फोनवरून लावता येतात. शिवाय घरातल्यांचा पाच-सहा जणांचा वेगळा ग्रुप करा, त्यात सुप्रभात, देव, विनोद काही नाही, फक्त कामाचं. त्याची रिंगटोन निराळी ठेवा. बाकीचे ग्रुप खुशाल म्यूट करा, त्यात उद्धटपणा नाही.

ग्रुपवर आलेलं पुढं ढकलायच्या सवयीबद्दल हसून बोलावं असं मला वाटत नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध माणसं मारली. भिक्षा मागून जगणारी, आपल्या शेजारच्या मंगळवेढ्याकडचीही माणसं त्यात होती. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवेने ती गेली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. आईला शिकवताना हेही शिकवा: ज्यावर दोन बाणांची खूण आहे, ते फार जणांच्या हातून फिरून आलेलं आहे, ते पुढं पाठवायचं नाही.

कागदाचं काम असेल तर ईमेल, यात फार बोलण्यासारखं नाही. सातबारा, बँकेचं पत्र, दुकानाचा करारनामा, जीएसटीची बिलं ईमेलवरच मागवा आणि ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला कागद दाबून बारीक होतो, अंक पुसट दिसतात. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोन बदलला, हरवला की व्हॉट्सॲपवरचं पुष्कळदा जातं, ईमेल राहतं. विषयाच्या ओळीत गाव, गट नंबर, कशाबद्दल ते लिहा, म्हणजे चार वर्षांनी शोधलं तरी सापडतं. ईमेलला आपोआप पोच मिळत नाही, तेव्हा शेवटी "मिळाल्याचं कळवा" लिहायचं आणि दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर फोन करायचा.

आता फसवणुकीबद्दल. ज्यांची पोरं लांब आहेत अशा आयांना हे जास्त लागू आहे, त्यात घर सोन्याच्या धंद्यातलं. "तुमच्या मुलाला इकडे पोलिसांनी पकडलंय, चोरीचं सोनं सापडलंय, मिटवायचं असेल तर पैसे पाठवा." आईचे हातपाय गळतात. ज्या फोनची मी एवढी तारीफ केली, त्याचाच हा धोका आहे: आवाज ऐकू आला की माणूस विश्वास ठेवतो. उपाय म्हणून घरातला एक शब्द ठरवा. बैलाचं जुनं नाव, शेतातल्या विहिरीचं नाव, घराबाहेर कुणाला माहीत नसलेलं काहीही. पैशाची गोष्ट निघाली की आईने तो शब्द विचारायचा. सांगता आला नाही, फोन ठेवायचा आणि स्वतः तुमच्या नंबरावर लावायचा. व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यात बसून "तुम्हाला डिजिटल अटक केली आहे" म्हणणारे भामटेच असतात. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलच्या नावाशेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नव्हे, फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल असते, ती उघडायची नाही. आणि पैसे गेलेच, तर लाज वाटून गप्प बसायचं नाही. लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या सरकारी नंबराला, फोन. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम मधेच अडवता यायची शक्यता जास्त.

पुराचा अनुभव थोडक्यात सांगतो. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीकडे पाणी चढलं तेव्हा माझी बहीण भिलवडीला होती. वीज गेली, टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या, कॉल लागेना. मी कॉलचा नाद सोडून एसएमएस टाकला: "माळावरच्या शाळेत जा. पोचलीस की फक्त 'हो' लिही." साडेतीन तासांनी 'हो' आलं. कॉल लागण्यासाठी रेंज सलग टिकावी लागते, एसएमएसला क्षणभर मिळाली तरी तो निसटून जातो. अशा वेळी फोनची बॅटरी ही शिदोरी समजायची. व्हिडिओ बघणं बंद, उजेड कमी, आणि ठरलेल्या वेळेलाच फोन चालू. 2023 पासून सरकारने सगळ्यांच्या फोनवर मोठ्या आवाजात इशारा पाठवायच्या पद्धतीच्या चाचण्या घेतल्या. तसा भोंगा वाजला तर घाबरून फोन बंद करायचा नाही, वाचायचं, नाहीतर कुणाकडून वाचून घ्यायचं, हे आईला सांगा. मळ्यात राहणाऱ्यांना घर नंबर नसतो, म्हणून घराचं लोकेशन एकदा तुमच्या फोनमध्ये जपून ठेवा. 108 ची रुग्णवाहिका बोलावली तर चालकाला पाठवता येतं.

आईचा बटणाचा फोन काढून घेऊ नका. त्यावर तिचा हात बसलेला आहे, चार्जिंग दिवसेंदिवस टिकतं. तो कॉलसाठी आणि सकाळच्या रिंगेसाठी राहू द्या. टच फोन फक्त दोन कामांना: तुमचा चेहरा बघायला आणि व्हॉइस नोटला. पडद्यावरचं बाकी सगळं काढून टाका, तुमचा एक फोटो आणि व्हॉट्सॲप एवढंच ठेवा. चुलीच्या भिंतीला एक पुठ्ठा लावा, त्यावर मोठ्या अक्षरांत तुमचा नंबर, शेजाऱ्यांचा, 112 (पोलीस आणि तातडीची मदत), 108 आणि 1930. एका दिवसात एकच गोष्ट शिकवा आणि ती तिच्याच बोटाने करून घ्या, तिच्या हातातला फोन ओढून घेऊन "अगं असं" करत दाखवू नका. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या आज्या पोरांच्या त्या ओढून घेण्यानेच फोनला घाबरलेल्या असतात.

आज रात्री जेवणं झाली की तिला एक छोटी व्हॉइस नोट पाठवा. मामांबद्दल बोला, तिचाही भाऊ गेला आहे. माइक निळा होतो का बघा. उद्या संध्याकाळपर्यंत झाला नाही, तर आईला फोन घेऊन मंगळवारी दुपारी 3 नंतर दुकानावर पाठवून द्या, मी शेजारी बसवून बघतो.